310 वजा 38 म्हणजे बचत नव्हे

एकत्रित खरेदीचा फायदा सांगताना स्वस्त एलईडी बल्ब वाटणाऱ्या केंद्राच्या 'उजाला' योजनेचं उदाहरण दिलं जातं आणि एक हिशोब वर्षानुवर्षं फिरतोय: केंद्राच्या ईईएसएल (एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड) कंपनीने राज्यांची एलईडी बल्बची मागणी एकत्र केली, 2014 मध्ये 310 रुपयांचा बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला, म्हणजे एकत्रित खरेदीने बल्बमागे 272 रुपये वाचवले.

आकडे खरे आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

त्या दोन वर्षांत एलईडी जगभरच स्वस्त होत होते. चिपचे भाव उतरत होते, कारखाने वाढत होते. त्यामुळे तुलना 2014 च्या दराशी करून चालत नाही. 2016 मध्येच एखाद्या राज्याच्या वीज कंपनीने एकटीने निविदा काढली असती तर तिला काय दर मिळाला असता, हे विचारायला हवं. त्या दरातून 38 वजा केले की जे उरेल, तेवढंच श्रेय एकत्र येण्याचं. हा आकडा अंदाजानेच काढावा लागतो, म्हणून जाहिरातीत तो दिसत नाही! (छापील एमआरपीवर सूट मोजणं तर त्याहून वाईट, एमआरपी विक्रेताच ठरवतो.)

शिवाय 38 हा फक्त खरेदीचा दर. पुढे तोच बल्ब ग्राहकाला साधारण 70 रुपयांना मिळायचा, कारण वाटप, कर, प्रचार, प्रशासन हे सगळं त्यात धरलेलं होतं.

अर्थात उलटी बाजूही आहे. एवढ्या मोठ्या, खात्रीच्या मागणीमुळेही देशात उत्पादन वाढलं आणि खुल्या बाजारातले भावही खाली आले. तो फायदा वरच्या वजाबाकीत कुठेच येत नाही.