जुना मांगर राहता करताना

बागेतला मांगर (म्हणजे शेती-बागेच्या सामानाची जुनी कोठी) किंवा परसातला रिकामा गोठा पाडून तिथे समुद्राकडे तोंड असलेली नवी खोली बांधून हवी, अशी विचारणा देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे ग्राहक आमच्याकडे नेहमी करतात. चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंती धड असतील तर त्या ठेवा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, एसी, इंटरनेट, सगळं त्यांच्या आत नीट बसतं.

कागद आधी पाहू. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर, आणि दाट वस्ती असेल तिथे 50 मीटर, हा ना-विकास पट्टा आहे. तिथे अधिकृत जुन्या वास्तूची दुरुस्ती करता येते, पण जोतं वाढवता येत नाही. त्यामुळे न्हाणीसुद्धा मूळ जोत्यातच बसवावी लागते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, मांगराची नोंद आहे का, हे आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो. गोठ्याची राहती खोली करताना वापर बदलतो, त्याचीही परवानगी पाहावी लागते.

गोठ्याच्या भिंती

खरं काम इथेच आहे. वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्रातले क्षार जमिनीत आणि भिंतीच्या खालच्या भागात साठलेले असतात, त्यात खाऱ्या हवेची भर. पावसाळ्यात हे क्षार ओल ओढून घेतात, आणि ऊन पडलं की भिंतीवर पांढरा लोणा फुलतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते, वर चढते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून आम्ही जुनी जमीन फूटभर खणून ती माती बाहेर काढतो, भिंतीचा खालचा गिलावा खरवडतो, सांधे चुन्याने भरतो आणि गिलावाही चुन्याचाच करतो. चिरा सच्छिद्र असतो. त्यातल्या ओलीला बाहेर पडायला वाट हवी. चुना सावकाश वाळतो, खर्चही जास्त येतो. तरीही भिंत टिकवायची तर दुसरा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

समुद्राकडची अख्खी भिंत काचेची करावी, ही इच्छा आम्हाला समजते. पण तिकडूनच नैऋत्येचा आडवा पाऊस आणि दुपारनंतरचं ऊन येतं. पडवी ठेवून, तिच्या आतल्या बाजूला रुंद सरकता दरवाजा बसवला की समुद्रही दिसतो आणि खोलीही कोरडी राहते. छपराला कौलंच ठेवा, वळचण आखूड करू नका. वाळवी लागलेले वासे बदलून ऐन किंवा किंजळीचे घालतो.

बिजागऱ्या आणि स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे वापरतो. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत 304 पेक्षा चांगलं टिकतं. माळ्यासाठी स्लॅब टाकायचा असेल तर सळीवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवतो. किनाऱ्यावरची वाळू कुठल्याच कामात वापरत नाही.

जांभ्याच्या जमिनीतून पाणी सहज पाझरतं. म्हणून विहिरीपासून 20 मीटरच्या आत आम्ही शोषखड्डा काढत नाही, शेजाऱ्यांची विहीर असली तरीही.

पाहणीला शक्यतो जुलैत बोलवा. पाणी कुठून आत येतं आणि ओल कुठवर चढते, हे तेव्हाच दिसतं. काम आम्ही दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर सुरू करतो. पाहणीच्या वेळी सातबारा आणि नमुना 8 चा उतारा हाताशी ठेवा.