अलार्म लाइनवरचा छोटा व्हॉल्व्ह आणि त्याचा टॅम्पर स्विच

“स्प्रिंकलरच्या टेस्टला पाणी धो धो आलं, पण अलार्म वाजला नाही. प्रेशर स्विच बदलून द्या.” असा फोन आला की आमचा माणूस नवा स्विच (पाण्याचा दाब आला की अलार्म देणारा) घेऊन निघतो खरा, पण पोचल्यावर आधी अलार्म लाइनवरचा, म्हणजे स्प्रिंकलरचं पाणी अलार्मकडे नेणाऱ्या बारीक पाइपवरचा, अर्धा-पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह बघतो. बहुतेक वेळा त्याची दांडी पाइपला आडवी असते. ती सरळ केली की जुनाच स्विच ठणठणीत चालतो. व्हिजिटचं बिल मात्र लागतंच.

हा व्हॉल्व्ह आपोआप बंद होत नाही. टेस्टच्या वेळी गोंगाट नको म्हणून कुणीतरी तो फिरवतो आणि नंतर विसरतो. बंद असताना प्रेशर स्विचलाही पाणी नाही आणि वॉटर मोटर गाँगलाही (पाण्याच्या जोरावर वाजणारी घंटा) नाही. आग लागली तर स्प्रिंकलर उघडेल, पाणी पडेल, पण कुणाला पत्ता लागणार नाही. मुख्य कंट्रोल व्हॉल्व्हला टॅम्पर स्विच (व्हॉल्व्ह कुणी फिरवला की कळवणारा) असतो, पण तो व्हॉल्व्ह उघडाच असतो, त्यामुळे फायर अलार्म पॅनेल बिनधास्त ‘नॉर्मल’ दाखवत राहतं.

आवाज टाळायचा असेल तर पॅनेल टेस्ट मोडवर टाका, बाहेरून अलार्मवर लक्ष ठेवणारी मॉनिटरिंग सेवा असेल तर त्यांना आधी कळवा. व्हॉल्व्हला हात लावू नका. आणि रात्री-अपरात्री खोटा अलार्म येतो म्हणून कुणी तो बंद ठेवत असेल, तर आम्हाला तेच सांगा. बहुधा रिटार्ड चेंबरचं (क्षणिक दाबाने अलार्म वाजू नये म्हणून ठेवलेली छोटी टाकी) निचऱ्याचं बारीक छिद्र तुंबलेलं असतं किंवा क्लॅपरच्या (अलार्म व्हॉल्व्हमधली झडप) सीटवर कचरा बसलेला असतो. दोन्ही साफ करता येतात.

“एवढ्याशा व्हॉल्व्हला टॅम्पर स्विच कशाला? साखळी-कुलूप लावा,” असं बरेच जण म्हणतात. कुलूप आम्हीही लावून देतो, पण चावी शेवटी टेस्ट करणाऱ्याच्याच खिशात असते, आणि कुलूप काढलं तर पॅनेलला काही समजत नाही. एनएफपीए ७२ (फायर अलार्मचं अमेरिकन मानक) मध्येही स्प्रिंकलर पाइप आणि अलार्मचं उपकरण यांच्यामध्ये व्हॉल्व्ह असेल तर त्यावर देखरेख हवी, असं स्पष्ट आहे. त्यामुळे आमच्या कोटेशनमध्ये या टॅम्पर स्विचची ओळ दिसली तर ती वाढीव समजू नका.

मोठ्या व्हॉल्व्हचा टॅम्पर स्विच इथे बसत नाही. केबल टायने बांधलेले जुगाड आम्ही पाहिलेत, दांडी अर्धी फिरली तरी ते गप्प. दांडी पाचव्या हिश्श्याइतकी, म्हणजे काटकोनातल्या सुमारे १८ अंशांपर्यंत फिरायच्या आत सिग्नल यायला हवा. आम्ही बसवताना हे दांडी फिरवून दाखवतो. त्याचं वायरिंग प्रेशर स्विचच्या लूपमध्ये घुसवू नका. पॅनेलवर हा सिग्नल ‘सुपरवायझरी’ (देखरेखीचा इशारा) म्हणून वेगळा दिसला पाहिजे. ‘फायर’ आला तर धावपळ, ‘ट्रबल’ आला तर वायर तुटली असं समजून कुणी बघतच नाही.

नव्या कामात आम्ही शक्यतो प्रेशर स्विचच्या आधी व्हॉल्व्ह ठेवतच नाही, फक्त गाँगच्या फांदीवर देतो. गाँग बंद केला तरी पॅनेलला अलार्म जातो. मात्र प्रेशर स्विच दुरुस्तीला काढायचा असेल तर सिस्टिमच बंद करावी लागते, म्हणून दोन्हींपैकी काय हवं ते आधी सांगा.

जुन्या लाइनसाठी टॅम्पर स्विच मागवताना पाइपचा साइझ कळवा आणि व्हॉल्व्हचा दांडीसकट फोटो पाठवा. लांब दांडीऐवजी दोन पंखांचं बटरफ्लाय हँडल असेल तर ब्रॅकेट वेगळा लागतो.