फॅमिकॉमच्या जपानी कॅसेटी आणि 'ओरिजिनल' या शब्दाचा घोळ

फॅमिकॉम म्हणजे निन्टेंडो कंपनीचं टीव्हीला जोडून खेळायचं जुनं जपानी गेम मशीन. त्याच्या जपानी कॅसेटी मागवायला लागलं की पहिल्या आठवड्यातच एक शब्द डोकं खायला लागतो, 'ओरिजिनल'. कॅसेटी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला की पहिला प्रश्न हाच, भावा ओरिजिनल आहे का? आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या प्रश्नाचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर बऱ्याचदा नसतंच. ते का नसतं हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. फार मागे नाही, मशीन कधी आलं, कोणी बनवलं वगैरे सगळ्यांना माहितीये, 15 जुलै 1983, किंमत 14,800 येन, ते सोडून देऊ.

आपल्या कामाची खरी गोष्ट आहे 60 पिनांची. जपानी कॅसेटच्या तळाला 60 पिना, आणि आपल्याकडे नव्वदीत जे 'टीव्ही गेम' मिळायचे, ज्यांच्यावर काहीही नाव असायचं आणि खोक्यावर भलत्याच गेमची चित्रं, त्यांच्या खाचेतही 60च पिना. म्हणजे आपण लहानपणी जे खेळलो ते अमेरिकन मशीनची नक्कल नव्हतीच, ती जपानी मशीनची नक्कल होती, तैवान-चीनकडच्या कारखान्यांतून आलेली. त्यामुळे आज कुणाच्या माळ्यावर ते जुनं डबडं चालू स्थितीत असेल तर टोकियोच्या अकिहाबारा बाजारातून आलेली 1986 ची कॅसेट त्यात सरळ बसते. बसते म्हणजे खाचेत बसते, गेम नीट चालेलच याची गॅरंटी कुणी देऊ नये. गंमत म्हणजे शब्दसुद्धा तोच, जपानी पोरं पण त्याला 'कासेत्तो' म्हणायची आणि आपण 'कॅसेट'. अमेरिकेतला कार्ट्रिज हा शब्द आपल्याकडे इंटरनेटबरोबर आला, त्याआधी दुकानात जाऊन कार्ट्रिज मागितलं असतं तर दुकानदारानं प्रिंटरची शाई दाखवली असती.

आता 1985 मध्ये हेच मशीन अमेरिकेत न्यायचं ठरलं तेव्हा कंपनीनं पिना बदलल्या, 60 च्या 72 केल्या. का, यावर अजून भांडणं होतात. हिशोब मात्र सोपा आहे, 60 मधून आवाजाच्या 2 पिना काढल्या, कुलपाच्या चिपसाठी 4 घातल्या आणि पुढे कधीतरी काही जोडता यावं म्हणून 10 घातल्या, झाल्या 72. त्या 10 पिनांचा म्हणण्यासारखा काही उपयोग पुढे झालाच नाही. कुलूप मात्र कामाला आलं. कॅसेटमध्ये एक चिप, मशीनमध्ये तिची जोडीदार, दोघींचं जमलं तरच गेम चालू, नाहीतर मशीन सेकंदा-सेकंदाला रिसेट होत बसणार. तिकडे 1983 मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, कोणीही उठून रद्दी गेम काढत होतं, म्हणून कुलूप लागलं असं कंपनीकडची बाजू सांगते. दुसरी बाजू म्हणते की दर्जाचं नाव पुढे करून सगळ्या बाहेरच्या कंपन्यांची मान हातात धरायची होती, कारण कॅसेट बनवून घ्यायची ती पण ह्यांच्याकडूनच आणि वर्षाला पाचपेक्षा जास्त गेम काढायचे नाहीत. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे पण दुसरं जास्त खरं आहे.

आपल्यासाठी मुद्दा वेगळाच आहे. जपानमधल्या मशीनला हे कुलूप नव्हतंच! म्हणून तर तिची नक्कल करणं सोपं गेलं, म्हणून रशियापासून मुंबईपर्यंत सगळीकडे 60 पिनांची पिल्लं पसरली. आणि म्हणूनच जपानी कॅसेट ओरिजिनल आहे का हे मशीन तुम्हाला कधीच सांगणार नाही, कारण तिला ते विचारायला शिकवलेलंच नाही. अजून एक मजा, अमेरिकेत सुरुवातीला गेलेल्या काही कॅसेटींच्या पोटात चक्क जपानी 60 पिनांचा बोर्डच होता, मध्ये 60 चे 72 करणारा जोड घालून. तिकडचे लोक हे जुने अमेरिकन गेम फोडून आतला जोड काढायचे आणि त्यावर जपानी गेम खेळायचे. म्हणजे पहिला इम्पोर्ट अडॅप्टर कंपनीनं स्वतःच विकला, नकळत.

बरं आता 'ओरिजिनल'. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ म्हणजे पिवळी नसलेली, 'एकात 9999' असं न लिहिलेली, एकच गेम असलेली कॅसेट. मुंबईच्या मनीष मार्केटला एकच गेमवाली कॅसेट महाग मिळायची आणि दुकानदार छातीठोकपणे सांगायचा, ओरिजिनल है. ती पण नक्कलच असायची, फक्त जरा बऱ्या कपड्यातली. तर हा अर्थ डोक्यात ठेवून माणूस जपानी कॅसेटी बघायला लागतो आणि गोंधळतो, कारण जपानी ओरिजिनल कॅसेटी एकसारख्या दिसतच नाहीत. अमेरिकेत जवळपास सगळ्या राखाडी, एका साच्यातल्या. जपानमध्ये लाल, हिरव्या, निळ्या, सोनेरी, कुणाचा आकार उंच, कुणाचा बसका. कारण सुरुवातीला आलेल्या काही मोजक्या बाहेरच्या कंपन्यांना स्वतःच्या कॅसेटी स्वतः बनवायची परवानगी होती, त्यांनी आपापले साचे वापरले. एका कंपनीच्या सुरुवातीच्या कॅसेटींमध्ये तर छोटा लाल दिवा आहे, मशीन चालू केलं की पेटतो, त्याचा गेमशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडचा नवा माणूस हे बघून म्हणतो ही डुप्लिकेट असणार, दिवा कुठे असतो का कॅसेटला. असतो बाबा. उलट दिवा नसेल किंवा गेलेला असेल तर भाव कमी येतो.

आणि याच्यावर कडी म्हणजे डिस्क. 21 फेब्रुवारी 1986 ला फॅमिकॉमला खालून जोडायचं डिस्कचं यंत्र आलं, 15,000 येनला, झेल्डाचा पहिला गेम त्याच दिवशी त्यावरच आला. कल्पना अशी की पिवळी डिस्क घ्या (हो, तीही पिवळीच), गेमचा कंटाळा आला की दुकानात न्या, तिथल्या यंत्रात घाला, 500 येन द्या आणि त्यावर दुसरा गेम भरून घ्या. जुना गेम पुसला जाणार. सोबत नवं लेबल. आता सांगा, झेल्डाचं लेबल, आत झेल्डाच, पण ही डिस्क मुळात गोल्फच्या गेमची म्हणून विकली गेली होती, मग ती ओरिजिनल का नाही? कंपनीनं स्वतःच्या यंत्रातून, पैसे घेऊन भरलेला गेम आहे, नक्कल कशी म्हणणार. पण लेबल झेल्डाचं आणि आत भलताच गेम, हेही सर्रास दिसतं, कारण कुणीतरी लेबल बदलायचा कंटाळा केलेला असतो. त्यात चोरीच्या डिस्कवाले वेगळेच. डिस्कच्या कडेला कंपनीचं नाव खोदलेलं असायचं आणि ती अक्षरं यंत्रातल्या साच्यात बसली तरच डिस्क आत जायची, हेच काय ते कुलूप. चोरांनी नावातलं एखादं अक्षर खाऊन टाकलं किंवा नुसते खड्डे पाडले आणि काम भागवलं, ट्रेडमार्कचं पण लफडं नको. गेम भरून द्यायची यंत्रं दुकानांतून 1993 च्या सुमारास गेली, पण डिस्क पोस्टानं कंपनीकडे पाठवून गेम भरून घ्यायची सोय 2003 पर्यंत चालू होती, म्हणजे 2003 मध्ये अधिकृतपणे भरलेला 1986 चा गेम असू शकतो, तो काय धरायचा हे तुम्हीच ठरवा. डिस्कच्या यंत्राचा रबरी पट्टा आता हमखास विरघळलेला असतो, काळा गुळासारखा चिकटा होतो आतमध्ये, घेणाऱ्यानं पट्ट्याचे पैसे आधीच धरून चालावं.

हे सगळं जुनं झालं, आता नव्या नकला आल्यात आणि त्या चांगल्या आहेत. अमेरिकन कॅसेटला मागे स्क्रू असतो, उघडा, बोर्ड बघा, चिपवरचा आकडा बघा, पाच मिनिटांचं काम. जपानी कॅसेटींना बहुतेक वेळा स्क्रूच नाही, प्लास्टिकच्या खटक्यांवर बंद केलेल्या, उघडायला गेलं की कट्ट असा आवाज येतो आणि तुमचे पैसे गेले. म्हणून इकडे सगळा खेळ लेबलच्या छपाईवर आणि विकणाऱ्याच्या शब्दावर. विकणाऱ्याची भाषा शिकून घ्यावीच लागते. 'हाको-सेत्सु' लिहिलं असेल तर खोकं आणि माहितीपुस्तक दोन्ही आहे. 'हादाका' म्हणजे नुसती कॅसेट, शब्दशः नागडी. आणि 'जान्कू' म्हणजे आपला जंक, पण याचा अर्थ बिघडलेली असा नाही, याचा अर्थ मी चालवून बघितलेली नाही किंवा बघितली असली तरी परत घेणार नाही. माझ्याकडच्या जान्कूतून घेतलेल्या बहुतेक कॅसेटी पिनांना स्पिरिट लावल्यावर चालू झाल्या. पुढचा माणूस हे वाचून पोत्यानं जान्कू मागवेल आणि मला शिव्या घालेल, तर ते आपापल्या जबाबदारीवर.

मग एवढा खटाटोप कशाला, गेम तर फोनवर पण चालतात. एक कारण त्या काढून टाकलेल्या आवाजाच्या 2 पिना. जपानी मशीनमधला आवाज कॅसेटमधून फिरून परत यायचा, त्यामुळे कॅसेटमध्ये जास्तीची चिप घालून संगीत वाढवता यायचं. 1989 च्या डिसेंबरमध्ये आलेला 'आकुमाजो देन्सेत्सु' घ्या, त्याच्या चिपनं एकाच वेळी वाजू शकणारे 3 जादा आवाज दिले, तोच गेम अमेरिकेत 'कॅसलव्हेनिया 3' म्हणून गेला तेव्हा ते संगीत छाटून गेला. जपानी 'कॉन्ट्रा'मध्ये तर जंगलातली झाडं हलतात, मध्ये मध्ये गोष्ट सांगणारी चित्रं येतात, आपल्या पिवळ्या कॅसेटमधल्या कॉन्ट्रात झाड हललेलं मला तरी आठवत नाही. आणि पाल टीव्हीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या टीव्हीसाठी, बनवलेल्या नकलांवर सगळं सेकंदाला 60 ऐवजी 50 चित्रांच्या चालीनं पळायचं, म्हणजे मारिओची जी धून आपल्यापैकी कित्येकांच्या डोक्यात पक्की बसलीये ती मुळापेक्षा सहाव्या हिश्शानं संथ आहे. खरी ऐकली तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं.

माल एवढा मिळतो कसा, यामागे मात्र कायदा आहे. 1984 मध्ये जपानच्या कायद्यात भाड्यानं देण्याचा हक्क निर्मात्याकडे गेला, त्यामुळे अमेरिकेसारखी गेम भाड्यानं देणारी दुकानं तिकडे उभीच राहिली नाहीत. लोकांनी विकत घेतलं, खेळून झालं की सेकंडहँड दुकानात विकलं. नव्वदीच्या शेवटी गेम कंपन्यांनी या दुकानांनाच कोर्टात खेचलं, म्हणाल्या गेम हा सिनेमासारखा आहे, त्याच्या वितरणावर आमचा हक्क. 1999 मध्ये टोकियोच्या कोर्टानं एक निकाल दिला, ओसाकाच्या कोर्टानं बरोबर उलटा. शेवटी 25 एप्रिल 2002 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सिनेमासारखा आहे हे ठीक, पण एकदा विकला की तुमचा हक्क संपला. हा निकाल दुसरीकडे गेला असता तर आज आपण ज्या दुकानांचे फोटो बघून जीव टाकतो ती दुकानं नसती.

भावाचं म्हणाल तर नावाजलेला गेम म्हणजे महाग असं अजिबात नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट 3' 10 फेब्रुवारी 1988 ला बुधवारी आला, पोरांनी शाळा बुडवून रांगा लावल्या (त्यावरून सरकारनं कायदा केला ही थाप आहे, असा कायदा कधी झालाच नाही), 38 लाखांच्या आसपास विकला गेला, म्हणून आज नागडी कॅसेट किरकोळीत मिळते. आतली बॅटरी मेलेली असते, ती डागून बदलायची. महाग काय असतं तर फॅमिकॉमच्या शेवटच्या वर्षांतलं, 1992 नंतरचं, जेव्हा लोक सुपर फॅमिकॉम या पुढच्या मशीनवर गेले होते आणि कॅसेटी कमी निघत होत्या. कोविडच्या काळात तर सगळ्यांचेच भाव चढले आणि मग खाली यायचं विसरले.

इकडे आणायचं म्हणजे मधला माणूस लागतोच, जपानी लिलावाच्या साइटवरचे बरेच विकणारे परदेशात पाठवत नाहीत. पूर्वी तिकडे नोकरीला असलेला कुणाचा तरी भाऊ, मित्र 5,000 रुपयांच्या आतलं भेट म्हणून पाठवायचा आणि कस्टम लागत नव्हतं. 2019 च्या डिसेंबरमध्ये ती सवलत गेली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढंच उरलं. राखीच्या पाकिटात कॅसेट बसते का याची चर्चा आमच्याकडे रीतसर झालेली आहे. बसत नाही.

जाता जाता, जपानी पोरं कॅसेटच्या मागे मार्करनं स्वतःचं नाव लिहायची. आपण पण लिहायचो, नाहीतर अदलाबदलीत गेलेली कॅसेट परत यायची नाही. नाव असलेल्या कॅसेटीला तिकडे भाव कमी मिळतो, आणि तिकडचा एक माणूस अशाच नाववाल्या कॅसेटी जमवून मूळ मालक शोधत बसतो, काही सापडलेत पण. माझ्याकडे दोन आहेत तशा. स्वस्त होत्या म्हणून घेतल्या, आणि खोटं कशाला बोलू, त्या दोन ओरिजिनल आहेत का असं मला आजपर्यंत कुणीच विचारलेलं नाही.