मोठ्या संख्यांची नावे व अनंत

दशमान पद्धतीत संख्येच्या प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव देण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. हजार, लाख, कोटी ही तिची रोजच्या वापरातली रूपे. सर्वांत प्रचलित नाममाला एकं, दहं पासून परार्धापर्यंत, म्हणजे एकावर १७ शून्यांपर्यंत जाते. अनंत हे या माळेतले शेवटचे नाव नव्हे. परार्धात एक मिळवला की पुढची संख्या मिळते, अनंताला मात्र ‘पुढची संख्या’ हा प्रश्नच लागू होत नाही.

भास्कराचार्यांनी (दुसरे) ‘लीलावती’त (११५०) १८ नावे दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य व परार्ध. प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. ही नावे पूर्वजांनी व्यवहारासाठी केली, असे तेथेच म्हटले आहे. मराठीत यांतली अयुत, प्रयुत, अर्बुद मागे पडली आणि त्यांच्या जागी दशहजार, दशलक्ष, दशकोटी आले. अब्ज टिकला. खर्वापुढची नावे पाठ करायलाच उरली.

या नावांची किंमत सगळीकडे एकच असते असे धरून चालणे ही सर्वांत मोठी चूक. परार्धाचेच पाहा. वाजसनेयी संहितेतल्या (शुक्ल यजुर्वेदाच्या) यादीत तो तेराव्या स्थानी आहे, म्हणजे एकावर १२ शून्ये, लीलावतीत १७. पूजेच्या संकल्पात ‘द्वितीये परार्धे’ म्हणतात तेव्हा तिसराच अर्थ असतो : ब्रह्मदेवाच्या शंभर वर्षांच्या आयुष्याचा अर्धा भाग. ४३२ कोटी वर्षांचा दिवस, तेवढीच रात्र, वर्षाचे ३६० दिवस, असा हिशेब केला की हे अर्धे आयुष्य १५,५५,२०,००,००,००,००० मानवी वर्षांचे येते. अर्बुदाची गतही तीच. वाजसनेयीत तो म्हणजे एकावर ७ शून्ये, आर्यभटाकडे (४९९) व लीलावतीत ८, तर राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त १०. महावीराचार्यांची यादी २४ स्थानांची असून ‘महाक्षोभ’ या नावाशी, एकावर २३ शून्यांशी, थांबते. म्हणून जुन्या ग्रंथातली संख्या उतरवताना नावावर न जाता त्या ग्रंथातली यादी एककापासून मोजत यावे.

हिंदीतून मराठीत येताना हाच खड्डा लागतो. हिंदीत अरब, खरब, नील, पद्म, शंख ही नावे शंभरपटीने वाढतात. अरब म्हणजे आपला अब्ज, पण खरब म्हणजे १०० अब्ज. मराठी खर्व १० अब्जांचाच. खरबाचे खर्व केले की रकमेचा एक दशांश उरतो.

इंग्रजी आकड्यांचे रूपांतर नावांनी करण्यापेक्षा शून्यांनी करावे. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. ६४२.५ बिलियन असेल तर १०० ने गुणून ६४,२५० कोटी. घाईत बिलियनला कोटी लिहून टाकतात आणि आकडा शंभरपट आकसतो. हे पकडायचे असेल तर रक्कम माणशी किती पडते ते भागून पाहावे, चूक असेल तर उत्तर हास्यास्पद येते. स्वल्पविराम उजवीकडून पहिल्या तीन अंकांनंतर, मग दर दोन अंकांनी. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, आजचा ट्रिलियन. ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीत १९७४ पासून अमेरिकी अर्थ आला.

संगणकावरची अडचण नावाची नाही, जागेची आहे. एक्सेल संख्येचे डावीकडून पहिले १५ अंकच (सार्थ अंक) ठेवते. म्हणून १६ अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून भरला की शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळत नाही. असे क्रमांक मजकूर म्हणून भरावेत. त्यांची बेरीज कोणाला करायची नसतेच.

केवळ मोठेपणासाठी केलेली नावेही आहेत. ‘ललितविस्तर’ या बुद्धचरित्रात कोटीपासून शंभरपटीने २३ पायऱ्या चढून ‘तल्लक्षण’ येते : एकावर ५३ शून्ये. जैन कालगणनेतली शीर्षप्रहेलिका म्हणजे ८४ लाख हा आकडा २८ वेळा मांडून केलेला गुणाकार. तिचे अंक १९४. त्यांपैकी शेवटची १४० शून्ये. एकावर १०० शून्यांचा गूगॉल तिच्यापुढे किरकोळ. १ ते ७० या संख्यांचा गुणाकार केला तरी गूगॉल ओलांडला जातो.

जैन गणिताने याच्याही पुढे जाऊन संख्यांचे संख्यात, असंख्यात व अनंत असे वर्ग केले आणि त्यांचे पोटभेद पाडले. गणना दोनपासून सुरू होते, एक मोजणीत धरत नाहीत. संख्याताची सीमा ठरवायला जंबूद्वीपाएवढ्या (जैन विश्वरचनेतले मधले द्वीप), लाख योजने व्यासाच्या खड्ड्यात मोहरीचे दाणे भरून ते एकेका द्वीपावर व समुद्रात टाकत जाण्याची रीत सांगितली आहे. दाणे जिथे संपतील तिथवरच्या विस्ताराचा नवा खड्डा, आणि पुन्हा तेच. उत्कृष्ट, म्हणजे सर्वांत मोठ्या, संख्यातात एक मिळवला की असंख्यात सुरू होते. आजच्या व्याख्येने ही सीमा सांतच (मर्यादितच) ठरते, कारण सांत संख्येत एक मिळवून अनंत गाठता येत नाही. तरी अनंताचेही प्रकार असतात हा विचार इतक्या लवकर मांडला गेला, हे महत्त्वाचे.

भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले. तिच्यात काही मिळवले वा काढले तरी ती बदलत नाही, जसे सृष्टी निर्माण होताना वा लय पावताना अच्युतात काही बदलत नाही, असे ते ‘बीजगणिता’त सांगतात. कल्पना देखणी आहे, पण तिच्यावर नेहमीचे अंकगणित चालत नाही : ३ आणि ५ यांना शून्याने भागून एकच खहर येत असेल, तर दोन्ही बाजू शून्याने गुणून ३ बरोबर ५ मानावे लागतील. म्हणून आज शून्याने भागाकार अव्याख्यात ठेवतात.

अनंताची खरी मोजदाद जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांनी केली. दोन संचांत एकास-एक जोड्या लागल्या तर ते सारखे मोठे, एवढाच त्यांचा निकष. १ ला २, २ ला ४, ३ ला ६ अशा जोड्या लावल्या की नैसर्गिक संख्या आणि सम संख्या सारख्याच ठरतात. अपूर्णांकही (दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येणाऱ्या संख्या) तेवढेच.

दशांश चिन्हापुढे अंक न संपता चालणाऱ्या संख्याही धरल्या, तर त्या सर्व मात्र तेवढ्यांत मावत नाहीत. कँटर यांच्या १८९१ मधल्या सिद्धतेचे नेहमीचे रूप असे : ० ते १ मधल्या सर्व संख्यांची यादी झाली असे समजा. पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असे कर्णावरचे अंक घ्या. अंक ५ असेल तर ६ लिहा, नसेल तर ५. तयार होणारी संख्या यादीतल्या प्रत्येकीपासून किमान एका ठिकाणी वेगळी, म्हणून ती यादीत नाही. ५ आणि ६ घेण्याचे कारण व्यावहारिक आहे : ०.४९९९… आणि ०.५ ही एकच संख्या असल्याने ० व ९ वापरले, तर अंक वेगळे दिसूनही संख्या तीच निघू शकते. हीच युक्ती अपूर्णांकांच्या यादीवर चालवून तेही मोजता येत नाहीत असे ‘सिद्ध’ करण्याचा प्रयत्न विद्यार्थी हमखास करतात. तेथे ती फसते, कारण कर्णावरून मिळालेली नवी संख्या अपूर्णांकच नसते, आणि ती त्या यादीत नसली तर बिघडत नाही.