स्टिरॉइड कमी करण्याची जुनी खटपट

मूल घास तोंडात घोळवत बसतं, पोळीच्या प्रत्येक तुकड्यावर पाणी पितं, अधूनमधून ओकतं. मुंबईतल्या घरांत यावर पहिला शब्द निघतो तो ‘ॲसिडिटी’. डॉक्टरही बराच काळ तेच म्हणत. अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सापडल्या तरी खापर आम्लावरच फुटे. 1995 साली अमेरिकेत अशाच 10 मुलांचं नेहमीचं अन्न थांबवून अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकांचं, कृत्रिम दूध दिलं गेलं आणि त्यांना उतार पडला. दुखणं अन्नातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचं निघालं. त्याचं नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस.

1998 मध्ये तोंडावाटे दिलेल्या स्टिरॉइडने, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाने, मुलं झपाट्याने सुधारल्याचं प्रसिद्ध झालं. पण ते औषध अंगभर फिरतं: चेहरा सुजतो, वजन वाढतं, उंची खुंटते. त्याच वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड ओढण्याऐवजी गिळायला दिलं. म्हणजे स्टिरॉइडबरोबरच ते कमी करण्याची खटपटही सुरू झाली. पुढे नेब्युलायझरच्या वाफेतून द्यायचं ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड दाट पदार्थात कालवून द्यायची रीत आली. ते गिळल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. गिळलेल्या औषधाचा बराचसा भाग यकृतात निकामी होतो, म्हणून अपाय कमी. तरी तोंडात-घशात बुरशी होते, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर काही मुलांच्या ॲड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या) मंदावतात. बंद केलं की दुखणं बहुधा परततं. खरी गोची तीच.

आहाराची वाट 2006 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी सोपी केली: दूध, अंडी, गहू, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे-कोळंबी बंद. ‘सोपी’ म्हणायचं ते अमिनो आम्लांच्या दुधाच्या तुलनेत! तांदळाची भाकरी खाणाऱ्या मालवणी घराला गहू सोडणं फार जड नाही, मासे सोडणं जड. शाकाहारी घरात दूध-दही गेलं की मुलाच्या प्रथिनांचं काय, हा प्रश्न आहारतज्ज्ञाशिवाय सुटू नये. आता अनेक ठिकाणी आधी एकटं दूध बंद करून पाहतात, कारण मुलांत सर्वाधिक वेळा दोषी तेच ठरतं.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पूर्वी निदानाची चाळणी होत्या: त्यांनी बरं वाटलं तर हे दुखणं नाही असं धरत. 2018 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर त्या उपचारांतच धरल्या जातात. डुपिलुमॅब या ॲलर्जीची सूज रोखणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत 2022 मध्ये 12 वर्षांवरील, तर 2024 मध्ये एक वर्षावरील, किमान 15 किलोच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. किंमत मात्र इथल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची.

स्टिरॉइडचा डोस उतरवायचा तो बायोप्सी, म्हणजे अस्तराच्या तुकड्याची तपासणी, पाहत, पायरीपायरीने. मूल नीट जेवू लागलं एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्रास थांबल्यावरही अस्तरात सूज राहू शकते.