खो-खो : मैदान, नियम आणि परिभाषा (सोलापूरच्या संदर्भात)

खो-खो हा दोन संघांमध्ये खेळला जाणारा पाठलागाचा मैदानी खेळ आहे. एक संघ आक्रमण करतो, म्हणजे पाठलाग करून, हात लावून गडी बाद करतो. दुसरा संरक्षण करतो, म्हणजे पळून वेळ काढतो. चेंडू, बॅट, जाळे असे काहीच लागत नसल्याने हा खेळ गरीब शाळांचा, अशी एक समजूत आहे. साहित्य कमी लागते हे खरे, पण नियम सोपे नाहीत. आक्रमकाने कोणत्या बाजूला पळायचे, यावर इतकी कडक बंधने घालणारे खेळ फार थोडे आहेत.

खेळाची नियमावली बसवण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा पुढाकार होता (1914). पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाडा येथे झाली. पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत भरला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून तो जिंकला.

मैदान व साहित्य : प्रौढ गटाचे मैदान 27 मी. लांब व 16 मी. रुंद असते. दोन्ही टोकांना जमिनीपासून 120 ते 125 सेंमी. उंचीचा एकेक गुळगुळीत लाकडी खांब पुरलेला असतो. दोन खांबांमध्ये 24 मी. अंतर असते. त्यांना जोडणाऱ्या 30 सेंमी. रुंदीच्या पट्ट्याला मधली पाटी म्हणतात. तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या प्रत्येकी 35 सेंमी. रुंद असतात आणि छेदाच्या जागी आठ चौकोन तयार होतात. दोन चौकोनांमध्ये 2.30 मी., तर खांब व त्याच्या लगतचा चौकोन यांमध्ये 2.55 मी. मोकळी जागा राहते. खांबापलीकडचा दीड मीटरचा पट्टा म्हणजे मुक्त क्षेत्र.

सोलापूर भागात आखणीइतकीच मेहनत जमिनीवर घ्यावी लागते. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला चिकटते. त्यामुळे मैदानावर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागतो. मग खांबाला सुतळी बांधून ती ताणायची, टेपने खुणा करायच्या आणि त्यांवर फक्की टाकायची. सुतळी थोडी जरी सैल राहिली तरी चौकोन सरकतात, आणि मग खो (बसलेल्या साथीदाराच्या पाठीला हात लावून पाठलाग त्याच्याकडे सोपवणे) चुकला की पाटी चुकली, यावर पंचांशी वाद ठरलेला. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मॅटवर गुडघे-कोपरे सोलत नाहीत आणि सूर मारायला भीती वाटत नाही, पण मातीवर तयार झालेल्या खेळाडूला पावलांची पकड नव्याने जमवावी लागते. सरावात ही अडचण दिसते त्यापेक्षा मोठी असते.

खेळाची रचना : संघात 12 खेळाडू असतात, त्यांतले 9 खेळतात. सामन्यात दोन डाव असतात आणि प्रत्येक डावात दोन्ही संघांना आक्रमण व संरक्षण यांची एकेक पाळी मिळते. प्रौढ गटात पाळी 9 मिनिटांची असते, लहान गटांत ती कमी असते. नाणेफेक जिंकणारा कर्णधार आक्रमण किंवा संरक्षण निवडतो. बाद झालेल्या प्रत्येक गड्यामागे आक्रमक संघाला एक गुण मिळतो. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. तिघेही बाद झाले की पुढची तुकडी येते. शेवटच्या गड्याला बाद करणाऱ्या आक्रमकाला नव्या तुकडीच्या मागे लगेच लागता येत नाही, आधी खो द्यावा लागतो.

दिशेचा नियम : आठ आक्रमक चौकोनांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. या नवव्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा एका खांबाकडे वळला की मुक्त क्षेत्रात पोचेपर्यंत उलट फिरताही येत नाही. संरक्षकाला मात्र बसलेल्यांच्या मधून वाटेल तसे आरपार जाता येते. बाजू बदलायची असेल तर आक्रमकाला दोनच मार्ग उरतात : खांबाला वळसा घालणे किंवा खो देणे.

खो पाठीमागूनच द्यायचा असतो, पाठीला हात लावून आणि मोठ्याने. म्हणजे पाठलाग करणाऱ्याकडे ज्यांची पाठ आहे, असे आठांपैकी चौघेच कोणत्याही क्षणी उपयोगाचे असतात. खो मिळालेला खेळाडू समोरच्या बाजूला झेपावतो आणि देणारा त्याच्या चौकोनात बसतो. खो मिळण्याआधी उठणे हे नियमोल्लंघन आहे. आडवी पाटी सोडून पुढे गेल्यावर मागे वळून त्याच चौकोनातल्याला खो देणे हेही नियमोल्लंघनच. अशा वेळी पंच शिट्टी वाजवून आक्रमकाला उलट दिशेला जायला लावतात, आणि तेवढ्यात संरक्षकाला दम घ्यायला वेळ मिळतो. चांगला संघ गडी वेगाने मारतो हे प्रेक्षकांना दिसते, पण सामने बहुतेक वेळा अशा शिट्ट्यांवर फिरतात.

परिभाषा : संरक्षक बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळतो, त्याला साखळी म्हणतात. एकेरी साखळीत तो प्रत्येक फटीतून जातो. खांबाजवळच्या दोन-तीन चौकोनांभोवती गोल फिरत राहणे म्हणजे रिंग. एका बाजूला झुकून दुसरीकडे निसटणे म्हणजे हूल, आणि ती नजरेने व खांद्याने दिली जाते, पाय नंतर हलतात. आक्रमणात खांबाला हात धरून पलीकडचा गडी टिपणे हा ‘पोल डाइव्ह’, तर अंग हवेत झोकून देणे हा सूर. सामन्यावर दोन पंच, सरपंच (मुख्य पंच), वेळाधिकारी आणि गुणलेखक असतात. बरोबरी झाल्यास जादा डाव खेळवतात. तरीही निकाल लागला नाही तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कोण कमी वेळात मारतो ते पाहतात.

सोलापूर जिल्ह्यात : माळशिरस तालुक्यातले वेळापूर अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरामुळे जसे ओळखले जाते, तसेच खो-खोमुळेही. विश्वविजेत्या भारतीय पुरुष संघातला रामजी कश्यप वेळापूरचाच. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. त्यांत सोलापूर महानगरपालिका व सोलापूर ग्रामीण यांचे संघ वेगळे धरतात आणि दोघेही पुढे पुणे विभागात खेळतात.

विश्वचषकातला खो-खो याहून थोडा निराळा आहे. तिथे एका वेळी सातच खेळाडू असतात, आणि ‘वजीर’ नावाच्या आक्रमकाला दिशेचा नियम लागू नसतो. तालुक्याच्या मैदानावर मात्र अजून नऊ जणांचाच खेळ चालतो, आणि प्रशिक्षक मुलांना वजिराच्या सवयी लागू देत नाहीत.