मेडिकल कॉलेजात वर्षं भरली की प्रमोशन? तसं नाहीये
मेडिकल कॉलेजात नुसती वर्षं भरली की असिस्टंट प्रोफेसरचा आपोआप असोसिएट होतो असं अजूनही सर्रास बोललं जातं, पण ते खरं नाही. एनएमसीच्या, म्हणजे देशातल्या मेडिकल शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या २०२२ च्या नियमांत ४ वर्षं तर लागायचीच, वर मेडिकल एज्युकेशन आणि बायोमेडिकल रिसर्चचे बेसिक कोर्स, शिवाय इंडेक्स्ड जर्नलमधे (मान्य डेटाबेसमधे नोंद असलेल्या) २ पेपर आणि त्यात नाव पहिल्या तिघांत नाहीतर करस्पाँडिंग ऑथर (पेपरचा पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) म्हणून, म्हणजे पाचव्या नंबरला नाव टाकून घेतलं तर उपयोग शून्य, आणि एका पेशंटवरचा केस रिपोर्टही धरत नव्हते. प्रोफेसरसाठी पुढची ३ वर्षं, एकूण ४ पेपर. मला खरंच वाईट वाटतं ते वॉर्डात पेशंटशेजारी उभं राहून जीव ओतून शिकवणाऱ्यांचं, त्या शिकवण्याला यात मार्कच नव्हते.